महानगरपालिका आणि बेघरांचा निवारा : मुंबईच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :
पदपथ मोकळे ठेवण्याची जबाबदारी ज्या संस्थेवर असते, त्याच संस्थेवर पदपथावर रात्र काढणाऱ्या माणसाला निवारा पुरविण्याचीही जबाबदारी येते. ही संस्था म्हणजे महानगरपालिका. नागरी बेघरांच्या प्रश्नातील बरीचशी गुंतागुंत या दुहेरी भूमिकेतून निर्माण झालेली आहे. प्रस्तुत लेखात मुंबईच्या संदर्भात या भूमिकेचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

बेघर कोणास म्हणावे, हा प्रश्न वरवर सोपा वाटतो. जनगणनेच्या व्याख्येनुसार उघड्यावर, पदपथावर, मोठ्या नळांमध्ये, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात किंवा रेल्वे फलाटावर राहणारी व्यक्ती बेघर ठरते. झोपडीत राहणारी व्यक्ती ठरत नाही. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री झालेल्या गणनेत देशात सुमारे १७ लाख ७३ हजार बेघर आढळले. त्यांपैकी महाराष्ट्रात सुमारे २ लाख ११ हजार, तर बृहन्मुंबईत सुमारे ५७ हजार होते. एका रात्रीत केलेली ही मोजणी आहे. रात्रपाळीचा हमाल किंवा पहाटेपूर्वीच बाहेर पडणारी कचरावेचक स्त्री तीत कितपत आली असेल, याविषयी शंका घेण्यास वाव आहे.

कायदेशीर पार्श्वभूमी :
मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ मधील कलम ३१४ अन्वये रस्त्यावरील अतिक्रमण पूर्वसूचनेशिवाय हटविण्याचा अधिकार आयुक्तांना आहे. १९८१ मध्ये पदपथवासीयांना हुसकावण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला, तेव्हा त्याविरुद्धचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ओल्गा टेलिस विरुद्ध मुंबई महानगरपालिका या खटल्याच्या १९८५ च्या निकालात उपजीविकेचा हक्क हा जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे न्यायालयाने मान्य केले. माणूस पदपथावर राहतो तो काम जवळ असते म्हणून, हेही मान्य झाले. मात्र कलम ३१४ वैध ठरले आणि पावसाळा संपल्यानंतर, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ नंतर, झोपड्या हटविण्यास मुभा मिळाली. तत्त्व पदपथवासीयांच्या बाजूने आणि परिणाम त्यांच्या विरुद्ध, असा हा निकाल आहे. अध्यापनात बहुधा त्याचा पहिलाच भाग सांगितला जातो.

पुढे ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत नागरी दारिद्र्य निर्मूलन व दुर्बल घटकांचे हितरक्षण हे विषय नागरी संस्थांकडे सोपविण्याची तरतूद झाली. तरीही निवाऱ्याच्या कामाला गती आली ती न्यायालयामुळे. डिसेंबर २००९ मध्ये दिल्लीतील पुसा रस्त्यावरचा तात्पुरता रात्रनिवारा तेथील महानगरपालिकेने ऐन थंडीत पाडला. त्यानंतर २०१० मध्ये, पाच लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा उभारावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने दिले. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने हाच निकष स्वीकारला. एका निवाऱ्यात किमान शंभर व्यक्ती आणि प्रत्येकी ५० चौरस फूट जागा असे प्रमाण ठरले.

निकषाचे गणित :
हा निकष मुंबईला लावून पाहिला असता त्याची मर्यादा लगेच ध्यानात येते. २०११ मध्ये शहराची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख होती. म्हणजे १२४ निवारे व सुमारे १२,४०० व्यक्तींची सोय. निकष पूर्णांशाने पाळला तरी मोजलेल्या बेघरांपैकी जेमतेम पंचमांशाहून थोड्या अधिकांनाच छप्पर मिळेल. याचे कारण असे की निकष एकूण लोकसंख्येवर बेतलेला आहे, बेघरांच्या संख्येवर नव्हे. शिवाय एका निवाऱ्यास किमान पाच हजार चौरस फूट जागा लागते. अशी जागा मुंबईत जेथे मिळू शकते तेथे बेघर नसतात आणि बेघर जेथे असतात तेथे ती मिळत नाही. नाका, मंडई वा रेल्वे स्थानकापासून दूर असलेला निवारा मजुराच्या उपयोगाचा नाही. सकाळचा मजुरीचा नाका चुकला की दिवस गेला. निवाऱ्यात स्त्रीपुरुषांची व्यवस्था वेगळी असेल, तर पदपथावर कुटुंब म्हणून राहणारे तेथे जाण्यास कचरतात. खाट रिकामी राहते आणि गरज नसल्याचा अहवाल जातो.

प्रतिबंधाचा विचार :
निवारा हा बेघर झाल्यानंतरचा उपाय आहे. इंग्लंडमध्ये २०१७ च्या कायद्यान्वये, जी व्यक्ती ५६ दिवसांच्या आत बेघर होण्याची शक्यता आहे तिला मदत करण्याचे कर्तव्य स्थानिक परिषदांवर टाकण्यात आले. एप्रिल २०१८ पासून ते अमलात आले. तेथील प्रश्न त्यामुळे सुटला असे नाही. तात्पुरत्या निवासात राहणाऱ्या कुटुंबांची संख्या नंतरही वाढतच गेली. परंतु बेघर होण्यापूर्वीचा काळ हा प्रशासनाच्या जबाबदारीचा काळ मानला गेला, ही बाब महत्त्वाची आहे.

मुंबई महानगरपालिकेस असा काळ ओळखणे अवघड नाही. मोडकळीस आलेल्या इमारतींना कलम ३५४ अन्वये ती स्वतःच नोटीस बजावते आणि दर पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. कोणते कुटुंब कोणत्या महिन्यात घराबाहेर पडणार, याची नोंद अशा प्रकारे विभाग कार्यालयातच असते. मूळ भाडेकरूस पुनर्वसनाचा काही आधार तरी असतो; पोटभाडेकरू, खाट भाड्याने घेणारा कामगार किंवा दुकानाच्या पोटमाळ्यावर झोपणारा नोकर यांचे नाव त्या यादीत नसते. नोटीस बजावणाऱ्या खात्याने ही नावे टिपून निवाऱ्याचे काम पाहणाऱ्या खात्याकडे पाठवावीत, एवढी व्यवस्था नव्या कायद्याविनाही करता येण्यासारखी आहे.