रक्तातली पुसट रेघ

माझ्या नातवाला जन्मताच ‘हिपॅटायटिस बी’ची लस टोचली. ती ज्यांच्यामुळे आली, ते अमेरिकन संशोधक बारूख ब्लुमबर्ग कावीळ शोधायला निघालेच नव्हते! एकाच रोगाला एक बळी पडतो नि दुसरा सुटतो, याचे कारण आनुवंशिक असावे, म्हणून ते देशोदेशींचे रक्त गोळा करीत. १९६३ साली, अनेकदा रक्त चढवलेल्या न्यूयॉर्कच्या एका रुग्णाच्या रक्तद्रवाची ऑस्ट्रेलियातल्या आदिवासीच्या रक्तद्रवाशी गाठ घातली, तो मधल्या जेलीत एक रेघ उमटली. कशाची? काही वर्षे उलगडा होईना.

१९६७ साली त्यांच्याच फिलाडेल्फियाच्या प्रयोगशाळेतल्या बार्बरा वर्नर यांना बरे वाटेनासे झाले. बाई मोठ्या धीराच्या. त्यांनी स्वतःचेच रक्त तपासले. पुसट रेघ! मागोमाग कावीळ. त्या बऱ्या झाल्या, आणि रेघेचे नाते यकृताच्या विषाणूशी आहे हा संशय बळावला.

मग रक्तपेढ्यांत तपासणी सुरू झाली. १९७६ साली ब्लुमबर्गना नोबेल मिळाले. १९८१ ची पहिली लस विषाणू बाळगणाऱ्यांच्या रक्तातूनच काढावी लागे. १९८६ साली विषाणूच्या कवचाचे जनुक यीस्टमध्ये घालून ती बनू लागली. रक्ताची गरजच उरली नाही. यकृताच्या कर्करोगालाही तिने आळा बसतो. १९९७ साली हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने ती इथेच बनवली, तीही कितीतरी स्वस्तात.