लुईस फ्रोइस यांचा जपानी रीतिरिवाजांवरील ग्रंथ

पोर्तुगीज ख्रिस्ती धर्मप्रसारक लुईस फ्रोइस (इ.स. १५३२–१५९७) यांनी इ.स. १५८५ मध्ये जपानमधील काझुसा येथे युरोपीय व जपानी रीतिरिवाजांची तुलना करणारा एक छोटा ग्रंथ पोर्तुगीज भाषेत लिहिला. सोळाव्या शतकातील जपानी लोकांचे दैनंदिन आचार एका परकीयाच्या नजरेतून दाखवणारे हे एक महत्त्वाचे साधन आहे.

लेखक

फ्रोइस यांचा जन्म लिस्बन येथे झाला. इ.स. १५४८ मध्ये त्यांनी येशू संघात प्रवेश केला व त्याच वर्षी ते गोव्यास आले. तेथील सेंट पॉल महाविद्यालयात त्यांचे शिक्षण झाले आणि इ.स. १५६१ मध्ये गोव्यातच त्यांना धर्मगुरुपदाची दीक्षा मिळाली. इ.स. १५६३ मध्ये ते जपानला पोहोचले. पुढे क्योतो येथे ओदा नोबुनागा या सत्ताधीशाशी त्यांचा परिचय झाला. ग्रंथ लिहिताना त्यांना जपानमध्ये २२ वर्षे झाली होती.

पार्श्वभूमी

जपानी समाजात शिष्टाचार हा दर्जा ओळखण्याचा निकष होता. आचारात चुकणारा पाहुणा असंस्कृत ठरे. त्यामुळे जपानी रीती स्वीकाराव्यात की नाही, यावर येशू संघात तीव्र मतभेद होते. जपानमधील प्रमुख फ्रान्सिस्को काब्राल यांचा त्यास विरोध होता. इ.स. १५७९ मध्ये आलेले निरीक्षक अलेस्सांद्रो वालिन्यानो यांनी मात्र जपानी आचार शिकणे आवश्यक ठरवले. इ.स. १५८१ मध्ये त्यांनी यासंबंधी एक नियमावली लिहिली. पाहुण्यांसाठी चहाची व्यवस्था ठेवणे व झेन मठांतील श्रेणींनुसार परस्परांचा मान राखणे, अशा सूचना तीत होत्या. फ्रोइस यांचा ग्रंथ याच वातावरणात लिहिला गेला.

स्वरूप व आशय

ग्रंथात १४ प्रकरणे व सुमारे ६०० नोंदी आहेत. पुरुष, स्त्रिया, मुले, भोजन, शस्त्रे, घोडे, वैद्यक, लेखन, घरे, जहाजे इत्यादी विषय त्यांत येतात. बहुतेक नोंदी दोन भागांच्या आहेत : आधी युरोपातील रीत, नंतर जपानमधील. काही नोंदींचा आशय पुढीलप्रमाणे :

* युरोपीय लोक आदर दाखवण्यासाठी टोपी काढतात; जपानी लोक पादत्राणे काढतात.
* युरोपीय लोक हाताने जेवतात. जपानी स्त्री-पुरुष लहानपणापासून दोन काड्यांनी जेवतात.
* युरोपात मुलांना फटके मारून शिस्त लावतात. जपानमध्ये शब्दांनी समज देतात.
* युरोपात पती पुढे व पत्नी मागे चालते. जपानमध्ये याच्या उलट.
* युरोपात शोकाचा रंग काळा, जपानमध्ये पांढरा.
* युरोपीय लोक राग सहज प्रकट करतात. जपानी लोक तो विलक्षण संयमाने आवरतात.

महत्त्व व मर्यादा

नोंदींमध्ये निवाडा क्वचितच आढळतो. एक रीत दुसरीशेजारी ठेवल्याने युरोपातील आचारही नैसर्गिक नसून रूढीने ठरलेले आहेत, हे वाचकाच्या लक्षात येते. काटा युरोपात सर्वत्र रूढ होण्यापूर्वीचे तेथील भोजनही या ग्रंथातून समजते. मात्र धर्मविषयक प्रकरणांत, विशेषतः बौद्ध भिक्षूंविषयी लिहिताना, लेखकाचा धर्मप्रसारकाचा दृष्टिकोन स्पष्ट दिसतो. तसेच प्रत्येक बाबतीत विरोध दाखवण्याच्या पद्धतीमुळे दोन्ही समाजांतील साम्ये आणि जपानमधील वर्गभेद व प्रदेशभेद झाकले जातात.

प्रकाशन

हस्तलिखित दीर्घकाळ अज्ञात राहिले. योसेफ फ्रान्झ शुट्टे यांना ते इ.स. १९४६ मध्ये माद्रिद येथील इतिहास अकादमीच्या संग्रहात सापडले. इ.स. १९५५ मध्ये त्यांनी ते जर्मन अनुवादासह तोक्यो येथे प्रसिद्ध केले. फ्रोइस यांनी नोंदवलेल्या काही रीती, उदाहरणार्थ घरात शिरताना पादत्राणे काढणे, आजही पाळल्या जातात. शोकाचा पांढरा रंग मात्र आधुनिक काळात मागे पडून त्याची जागा युरोपीय प्रभावाने काळ्या रंगाने घेतली.