मालवाहू टायरवरील खुणा

हलक्या मालमोटारीच्या किंवा व्हॅनच्या टायरच्या कडेवर ‘१८५ आर १४ सी १०२/१००’ अशा खुणा आढळतात. १८५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ‘आर’ म्हणजे रेडियल बांधणी, १४ हा रिमचा इंचांतील व्यास, तर ‘सी’ हे अक्षर मालवाहू वाहनाचे निदर्शक होय. शेवटचे दोन अंक हे भारांक असून ते किलोग्रॅम नव्हेत. १०२ म्हणजे एकेरी चाकावर ८५० किलोग्रॅम. १०० म्हणजे जोडचाकांपैकी प्रत्येकावर ८०० किलोग्रॅम. ही मर्यादाही हवेचा दाब योग्य असेल तरच खरी. दाब कमी असता टायर अधिक दबतो, तापतो व फुटण्याचा संभव असतो. म्हणून माप तेच, परंतु भारांक कमी असलेला टायर अशा वाहनास बसविणे धोक्याचे ठरते.