टॉन्सिलची बरणी लॅबपर्यंत पोहोचली का?

ऑपरेशन आटोपते. नर्स बाहेर येऊन नातेवाइकांच्या हाती एक छोटी बरणी देते. "ही लॅबमध्ये नेऊन द्या." घरच्यांचा जीव पेशंटमध्ये अडकलेला असतो. "टॉन्सिल तर काढला, आता तपासून काय करायचे?" असे कोणीतरी म्हणते आणि बरणी तशीच राहते. ही चूक महागात पडू शकते.

टॉन्सिल हे घशाचे पहारेकरी. त्यांच्यावर खोल खाचा असतात. मुलांचे सारखे सुजणारे टॉन्सिल तपासले, तर बहुधा वाढलेले संरक्षक पेशींचे पुंजके आणि खाचांत साचलेला मळ व जंतू एवढेच दिसते. त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या असतील व कसलाही संशय नसेल, तर काही डॉक्टर मुलांचे टॉन्सिल या तपासणीला पाठवत नाहीत.

मोठ्या माणसांचे तसे नाही. एकच टॉन्सिल वाढणे, त्यावर न भरणारी जखम, मानेत गाठ, गिळताना त्रास, विनाकारण वजन घटणे ही लक्षणे असतील तर तपासणी हवीच. त्यामागे कॅन्सर, लिम्फोमा किंवा क्षयरोग असू शकतो. तंबाखू आणि दारूने कॅन्सरचा धोका वाढतो. पण एचपीव्ही विषाणूमुळे तंबाखूला कधीही न शिवलेल्यालाही टॉन्सिलचा कॅन्सर होऊ शकतो. नुसत्या डोळ्यांनी हे आजार ओळखणे कठीण.

लॅबमध्ये तुकडा मेणात बसवून त्याचे तीन ते पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. रंग दिल्यावर पेशींची केंद्रके निळी-जांभळी आणि बाकीचा भाग गुलाबी दिसतो. मग पॅथॉलॉजिस्ट सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची ठेवण पाहतात. शंका राहिली तर आणखी खास तपासण्या करतात, म्हणून रिपोर्टला काही दिवस लागतात.

आपण एवढे करावे :

• बरणीवरचे नाव, वय आणि बाजू (डावी की उजवी) तपासावी.

• बरणीत फॉर्मेलिन असते. ते ओतून पाणी घालू नये, बरणी फ्रीझरमध्ये ठेवू नये, मुलांच्या हाती लागू देऊ नये. त्याच दिवशी लॅबमध्ये द्यावी.

• क्षयरोगाची शंका असेल तर ऑपरेशनआधीच डॉक्टरांना विचारावे. जंतू वाढवून पाहण्यासाठी तुकडा फॉर्मेलिनमध्ये टाकून चालत नाही, तो वेगळा द्यावा लागतो.

• रिपोर्ट स्वतः आणून डॉक्टरांना दाखवावा आणि जपून ठेवावा. दुसऱ्या डॉक्टरांचे मत हवे असल्यास लॅबकडून मेणाचा ठोकळा व काचपट्ट्या मागता येतात.

अब्बांचा घसा बरा झाला, जेवण सुरू झाले, म्हणून रिपोर्ट आणायचा राहिला, असे होऊ देऊ नका. आजार लवकर कळला तर इलाजाला वेळ मिळतो.