पिस्तुलाचें काडतूस आणि बोल्टची रायफल
अडकण्याचीं कारणें व घ्यावयाची खबरदारी

शेतकऱ्याच्या घरांतील बंदूक ही नांगर-कुळवाप्रमाणें रोजच्या उपयोगाची वस्तु नव्हे. परंतु जेव्हां तिचें काम पडतें, तेव्हां तें क्षणांत व्हावें लागतें. पहिल्या बारानें रानडुक्कर नुसतें जखमी झालें आणि दुसरें काडतूस वाटेंतच अडकलें, तर हातांतील रायफल काठीहूनहि निरुपयोगी ठरते. हा दोष ज्या एका जातीच्या रायफलींत विशेष आढळतो, तिचा विचार येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे. ती जात म्हणजे पिस्तुलाचें किंवा रिव्हॉल्व्हरचें काडतूस वापरणारी बोल्टची रायफल होय.

अशा रायफलीची आवड मुख्यतः अमेरिकेंतील. तेथील विंचेस्टर कंपनीनें १८७३ सालीं '४४-४०' नांवाचें काडतूस काढलें आणि १८७८ सालीं कोल्ट कंपनीनें त्याच काडतुसाचें रिव्हॉल्व्हर केलें. कमरेच्या एकाच पट्ट्यांतील काडतुसें दोन्ही हत्यारांस चालूं लागल्यानें कुरणांवर राहणाऱ्या लोकांची मोठी सोय झाली. पुढें १९३५ सालीं '३५७ मॅग्नम' व १९५५ सालीं '४४ मॅग्नम' हीं जोरदार काडतुसें निघालीं. अलीकडे इंडियाना संस्थानानें २००७ पासून हरणाच्या शिकारीस पिस्तुलाच्या काडतुसाच्या रायफली चालूं दिल्या, व ओहायोनें २०१४ पासून सरळ पुंगळीच्या काडतुसांस मोकळीक दिली. मुलूख सपाट व वस्ती दाट असल्यामुळें तेथें गोळी फार दूर न जाणें इष्ट समजतात. या सर्व कारणांनीं अशा रायफलींस गिऱ्हाईक वाढलें.

आतां काडतूस आंत जातांना कां अडकतें तें पाहूं. रायफलीचें नेहमींचें काडतूस बाटलीच्या आकाराचें असतें. '३०३' काडतुसाची पुंगळी बुडाशीं सुमारें ११·७ मिलिमीटर जाड असून खांद्याशीं १०·२ पर्यंत निमुळती होते, व तिच्यापुढें बारीक मान आणि गोळी येते. असें काडतूस थोडें तिरपें आलें तरी आपोआप वाटेस लागतें. बैलगाडीचा आंख टोंकाशीं निमुळता असल्यानें चाकाचा तुंबा जसा त्यावर सहज चढतो, तसाच हा प्रकार आहे. उलट पिस्तुलाच्या काडतुसाची पुंगळी बहुधा बुडापासून तोंडापर्यंत सारख्याच जाडीची, आणि गोळीचें नाक अनेकदां चपटें असतें. त्यामुळें तें अगदीं सरळ रेषेंतच यावें लागतें. जरा खालीं-वर झालें कीं गोळीची धार नळीच्या घराच्या कांठावर आपटून थांबते. जुनें '४४-४०' किंचित् निमुळतें असल्यानें या त्रासांतून बरेंच सुटतें.

दुसरें कारण लांबीचें. '३०३' काडतूस सुमारें ७८ मिलिमीटर लांब, तर '३५७ मॅग्नम' फार तर ४०·४ मिलिमीटर. लांब काडतुसासाठीं बांधलेल्या यंत्रांत आंखूड काडतूस घातलें, तर मॅगझीनपासून घरापर्यंतच्या मोकळ्या जागेंत त्यास कोणाचाच आधार राहत नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत इंग्लंडमध्यें विल्यम डी लाइल यांनीं ली-एन्फील्डच्या बांधणीवर '४५' पिस्तुलाचें काडतूस वापरणारी, फारसा आवाज न करणारी कार्बाइन केली, तेव्हां त्यांस ही अडचण सोडवावी लागली. त्यांनीं बोल्ट बदलून घेतला आणि ज्या काडतुसासाठीं कोल्टच्या १९११ च्या पिस्तुलाचें मॅगझीन मुळांत बनलें होतें, तेंच मॅगझीन बसविलें. काडतूस बदलावयाचें तर त्याबरोबर मॅगझीन व बोल्ट हींहि बदललीं पाहिजेत, हा धडा त्यांतून मिळतो.

तिसरें कारण कडेचें. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाच्या बुडाशीं बाहेर आलेली कड असते. '३५७ मॅग्नम'ची पुंगळी ९·६ मिलिमीटर, तर कड ११·२ मिलिमीटर रुंद असते. मॅगझीनमध्यें एकावर एक काडतुसें ठेवतांना वरच्याची कड खालच्याच्या कडेमागें गेली, तर वरचें पुढें सरकतांना खालच्यास अडतें. यावर उत्तम उपाय म्हणजे फिरतें मॅगझीन. त्यांत प्रत्येक काडतुसास स्वतंत्र खांच असते, म्हणून कडांची गांठच पडत नाहीं. रूगर कंपनीच्या '७७/४४' व २०११ सालच्या '७७/३५७' या रायफलींत हीच योजना असून पहिलींत चार व दुसरींत पांच काडतुसें बसतात.

रिकामी पुंगळी बाहेर न येणें हा निराळा रोग आहे. बार होतांच पितळ फुगून घराच्या भिंतीस चिकटतें. निमुळती पाचर एकदां हलली कीं सुटते, पण सरळ मेख शेवटपर्यंत घासत येते, पुंगळीचेंहि तसेंच. बोल्टचा दांडा वर उचलतांना पुंगळी किंचित् मागें खेंचली जाते व तेवढ्यानें निमुळती पुंगळी मोकळी होते. सरळ पुंगळीस मात्र पुढेंहि ओढावें लागतें. रिव्हॉल्व्हरमध्यें पुंगळ्या आंतून ढकलून काढतात, पण रायफलींत एका आकडीनेंच कड धरावयाची असते. ती आकडी झिजली किंवा तिच्याखालीं घाण बसली, कीं ती कडेवरून निसटते. शिवाय '३५७' च्या घरांत '३८ स्पेशल' काडतुसें चालतात, परंतु त्यांची पुंगळी सुमारें ३·४ मिलिमीटर आंखूड असल्यानें तिच्या तोंडापुढें काजळीचें व शिशाचें कडें जमतें. नंतर लांब काडतूस घातलें कीं तें त्या कड्यांत रुततें. याच्या उलट, '३५७' चें काडतूस '३८' च्या हत्यारांत कधींहि घालूं नये. त्याचा दाब त्या हत्यारास सोसणारा नसतो.

खबरदारी पुढीलप्रमाणें घ्यावी. बोल्ट प्रत्येक वेळीं पूर्ण मागें व पूर्ण पुढें न्यावा. पुष्कळ रायफलींत बोल्ट पुरता बंद होईपर्यंत आकडी कड धरीत नाहीं; अर्ध्यांतून मागें ओढल्यास पहिलें काडतूस घरांत राहतें व दुसरें त्यावर जाऊन आदळतें. माउझरच्या १८९८ च्या बांधणींत काडतूस मॅगझीनमधून वर येतांच आकडी त्यास धरते, म्हणून तींत हा धोका कमी. अडकलेलें काडतूस कधींहि जोरानें ठोकूं नये. गोळी पुंगळींत मागें दबली तर दारूस जागा कमी पडून दाब भयंकर वाढतो. चाप ओढूनहि बार न झाल्यास नळी निर्धोक दिशेस धरून निदान तीस सेकंद थांबावें व मगच बोल्ट उघडावा. घर पितळी ब्रशनें साफ ठेवावें. '३८' वापरल्यावर तर विशेष काळजीनें. विकत घेण्यापूर्वीं दारू व टोपी नसलेलीं नकली काडतुसें भरून मॅगझीन दोन-चार वेळां रिकामें करून पाहावें, आणि जीं काडतुसें पुढें वापरावयाचीं त्यांनींच निशाणावर परीक्षा घ्यावी.

आपल्या देशांत १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणें परवान्यावांचून असें हत्यार बाळगतां येत नाहीं, व १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचीं बंधनें पीक राखणाऱ्यासहि लागूं आहेत, हें वाचकांस ठाऊक आहेच. परवाना असणारांस आमचें सांगणें इतकेंच कीं, हत्याराची परीक्षा घरीं शांतपणें करावी. शेताच्या बांधावर, अंधारांत, तिला वेळ मिळत नाहीं.