विश्लेषण : ऑटोपायलटमुळे विमानप्रवास सुरक्षित झाला, की वैमानिकांचा सराव तुटला?

रिओ दि जानेरोहून पॅरिसला निघालेले एअर फ्रान्सचे ‘एएफ ४४७’ हे एअरबस ए३३० विमान १ जून २००९ रोजी अटलांटिक महासागरात कोसळले. विमानातील सर्व २२८ जणांचा मृत्यू झाला. विमानाची इंजिने मात्र शेवटपर्यंत सुरू होती. मग चुकले कुठे?

त्या रात्री काय घडले?
विमानाचा वेग बाहेर बसवलेल्या पिटो नळ्यांद्वारे मोजला जातो. सुमारे ३५ हजार फुटांवर या नळ्यांत बर्फकण अडकले आणि वेगाचे आकडे जुळेनासे झाले. त्यामुळे ऑटोपायलट आपोआप बंद झाला. आकडे मिनिटभरात पूर्ववत झाले. पण दरम्यान सहवैमानिकाने विमानाचे नाक वर उचलले होते. विमान ३८ हजार फुटांच्या आसपास चढले, वेग घटला आणि पंखांना पुरेशी उचल मिळेनाशी झाली. यालाच ‘स्टॉल’ म्हणतात. त्यातून बाहेर पडण्यासाठी नाक खाली करावे लागते. इशारा वारंवार वाजूनही वैमानिकांना स्टॉल ओळखता आला नाही. ऑटोपायलट बंद झाल्यापासून साडेचार मिनिटांच्या आत सारे संपले.

म्हणजे स्वयंचलित यंत्रणा घातक आहेत का?
नाही. डोंगर किंवा जमीन जवळ आल्याचा इशारा देणाऱ्या, तसेच दोन विमानांची टक्कर टाळणाऱ्या यंत्रणांमुळे असंख्य प्राण वाचले. १९९६ मध्ये हरियाणातील चरखी दादरी येथे दोन विमानांच्या टकरीत ३४९ जण दगावले. त्यानंतर भारतात टक्कररोधक ‘टीकॅस’ यंत्रणा सक्तीची झाली.

मग अडचण कोणती?
उड्डाणाचा बहुतेक काळ विमान यंत्रणाच चालवते. वैमानिकाच्या हाती नियंत्रण असते ते प्रामुख्याने उड्डाणानंतर आणि उतरण्यापूर्वी काही मिनिटे. सोपे काम यंत्राकडे गेले. अवघड क्षण मात्र अचानक माणसाच्या हाती येतो, तोही सराव कमी झालेला असताना. २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत उतरताना एशियाना एअरलाइन्सचे बोइंग ७७७ धावपट्टीआधीच्या संरक्षक भिंतीवर आदळले. वेग यंत्रणा सांभाळते आहे, असे वैमानिकांनी गृहीत धरले होते. त्या अपघातात तिघांचा मृत्यू झाला.

उपाय काय?
‘एएफ ४४७’च्या २०१२ मधील अंतिम अहवालानंतर स्टॉल ओळखण्याच्या व त्यातून सावरण्याच्या प्रशिक्षणावर भर वाढला. अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकानेही २०१३ मध्ये वैमानिकांना शक्य तेव्हा हाताने विमान चालवू द्यावे, असे कंपन्यांना सुचवले. यंत्रणा काढून टाकणे हा उपाय नाही. ती बंद पडेल त्या मिनिटासाठी वैमानिकाचा हात तयार ठेवणे, हाच आहे.