लाल ठिपका राखाडी का होतो?

ओळीच्या डावीकडे क्लिक केलं, लाल ठिपका उमटला. डीबगर सुरू केला आणि ठिपका राखाडी, पोकळ. प्रोग्रॅम कुठेही न थांबता सुसाट शेवटपर्यंत. अशा वेळी व्हीएस कोड वापरणारा हमखास एक्स्टेन्शन काढून पुन्हा टाकतो. मीही टाकलंय, एकाच दुपारी तीनदा.

डीबगर हा एडिटरचाच भाग आहे, या समजुतीपायी हे होतं. लिनक्सवर सी किंवा सी प्लस प्लससाठी खरं काम सहसा जीडीबी करतो आणि तो वेगळा इन्स्टॉल करावा लागतो. एडिटर नुसता निरोप्या. ‘या फाइलच्या 42व्या ओळीवर थांब’ हा निरोप तो पोचवतो आणि आलेलं उत्तर रंगवून दाखवतो. राखाडी ठिपका म्हणजे निरोप गेला, पण ती जागा डीबगरला अजून सापडलेली नाही. ‘अजून’ महत्त्वाचं: ती ओळ एखाद्या शेअर्ड लायब्ररीत असेल, तर लायब्ररी लोड झाल्यावर ठिपका आपोआप लाल होतो.

माझ्या बाबतीत घोळ पत्त्याचा होता. कोड डॉकरमध्ये कंपाइल झालेला, त्यामुळे बायनरीत फाइलींचा पत्ता कंटेनरमधला. एडिटर मात्र माझ्या होम फोल्डरचा पत्ता सांगत होता. टर्मिनलमध्ये जीडीबी उघडून ‘इन्फो सोर्सेस’ दिलं, तेव्हा उलगडा झाला. लाँच डॉट जेसनमध्ये ‘सोर्सफाइलमॅप’ची एक ओळ घातली आणि काम भागलं. तेव्हापासून माझी पहिली पायरी ठरलेली: तोच ब्रेकपॉइंट टर्मिनलमध्ये हाताने लावून बघायचा. तिथेही लागत नसेल, तर एडिटरला कशाला बोल लावायचा?

‘डॅश जी लावून कंपाइल केलंय, म्हणजे सगळं दिसणारच,’ हेही अर्धसत्य. डॅश जी डीबगची माहिती भरतो, कोड जसाच्या तसा ठेवायची हमी देत नाही. सोबत ओ-टू असेल, तर कंपायलर ओळी मागेपुढे करतो, व्हेरिएबल गाळतो. मग पुढची पायरी घेताना कर्सर माकडउड्या मारतो आणि किमतीच्या जागी ‘ऑप्टिमाइज्ड आउट’ दिसतं. ओ-झिरो किंवा ओ-जी लावून पुन्हा कंपाइल करा.

ईमॅक्सवाल्यांचं दुखणं निराळं. आवृत्ती 24पासून, म्हणजे 2012पासून, तिथली जीडीबी कमांड एमआय या यंत्रांनी वाचायच्या बोलीत बोलते. सेटिंगच्या फाइलीत जुनी ‘फुलनेम’वाली कमांड राहिली असेल, तर ईमॅक्स तक्रार करतं. त्यात बिघाड काही नाही. जुनी पद्धतच हवी असेल, तर त्यासाठी ‘गड-जीडीबी’ ही वेगळी कमांड आहे.

सर्वात महागात पडणारी समजूत शेवटी. चालू प्रोसेसला अटॅच करताना ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ आलं, की काही जण अख्खा एडिटरच सुडोने उघडतात. उबुंटूत ‘पीट्रेस स्कोप’ ही कर्नलची सेटिंग मुळातच 1 असते: डीबगरने स्वतः सुरू केलेली प्रोसेस डीबग करता येते, आधीपासून वेगळी चालू असलेली नाही, मग ती आपलीच का असेना. गरजेपुरती ती 0 करा, काम झालं की परत 1. सुडोने उघडलेल्या एडिटरमध्ये नवी फाइल केली, की तिचा मालक रूट. दुसऱ्या दिवशी साध्या लॉगिनने ती सेव्हही होत नाही, आणि त्याचं खापरही पुन्हा एक्स्टेन्शनवरच फुटतं.